जायरोतला दिवा

१

सगळा हँगर त्याला काटेवाले म्हणायचा. इंजिनाची माणसं वेगळी, पत्र्याची वेगळी, आणि विमानात घड्याळासारखी जी गोल तोंडं असतात त्यांच्या पोटात हात घालणारा हा एकटा. उंचीचं यंत्र असो, वेगाचं असो, काटा अडकला की चला काटेवाल्यांकडे. माणूस कामाचा पक्का आणि तोंडाचा त्याहून पक्का. आपलं काम चुकेल ही गोष्ट त्याच्या डोक्यातच शिरायची नाही, आणि खरं सांगायचं तर तोवर ते कधी चुकलंही नव्हतं.

मग एका आठवड्यात त्याच्या थोरल्या बहिणीच्या विमानातला जायरो गेला. ताई चार माणसांचं, एका पंख्याचं लहान विमान चालवायची. डोंगरापलीकडच्या दवाखान्यांना औषधं पोचवायची आणि ऊन उतरायच्या आत परत यायची. आता तिला संध्याकाळची फेरीही मिळाली होती. म्हणजे यापुढे येताना अंधार होणार आणि अंधारात जायरोशिवाय उडणं म्हणजे जिवाशी खेळ.

जायरो कशाला लागतो ते सांगतो, फार अवघड नाही. पॅनलच्या मधोमध हे यंत्र बसतं. आत एक भोवरा गरगर फिरत असतो आणि काचेमागे वर निळं, खाली तपकिरी, मध्ये एक पांढरी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे क्षितिज. विमान कललं की रेघ तिरकी होते. बाहेर ढग दाटले किंवा काळोख झाला की माणसाचे कान, पोट, पाठ सगळेच बिनदिक्कत खोटं बोलायला लागतात. विमान कुशीवर चाललेलं असतं आणि पोट म्हणतं, सरळ आहोत. म्हणून नव्या पायलटकडून पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतात: पोटाचं ऐकायचं नाही, रेघेचं ऐकायचं. काटेवाल्याने तर हे वाक्य इतक्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की तो तोंड उघडायच्या आधीच लोक ते पुरं करायचे.

"चल, आता दिव्याचं बोल," तो म्हणाला. ताई विमानात डाव्या खुर्चीवर बसली होती, हा बाहेर पंखावर उकिडवा. जुना जायरो काढलेल्या जागी पॅनलमध्ये गोल भोक दिसत होतं. "नवा घेतोयच तर दिवा कसला हवा ते आत्ताच ठरव. मागाहून कुरकुर केलीस तर ऐकणार नाही."

"छतातला लाल दिवा आहे ना? मला तेवढा पुरतो."

"छतातल्या दिव्याने तुझ्या हाताची सावली काचेवर पडते. दुसरं, काचेच्या कडेला टोपीवाले बारके दिवे बसतात, पण ते काचेत चमकतात. तिसरं, काचेभोवती उजेडाची चकती मिळते, तीही बरी. पण सगळ्यात झकास म्हणजे दिवा यंत्राच्या आतच. रेघ स्वतःच उजळते. बाहेरून काही लावायलाच नको."

ताईने नाक मुरडलं. "मला सगळी तोंडं सारखी दिसायला हवीत. एकच उजळलं तर डोळा तिथेच खिळून बसतो रे."

"खिळू दे की! त्यासाठीच तर आहे ते."

"तुझं म्हणजे ना..."

"ताई, पायलट तू आहेस, कबूल. पण काचेच्या आतलं मला कळतं."

खाली दाजी उभे होते. दाजी म्हणजे ताईचे यजमान, बेकरी चालवायचे. बाह्यांवर कायम पीठ आणि विमानात आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. बायकोने पंखा सुरू केला की हे रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. संध्याकाळच्या फेरीचं कळल्यापासून त्यांची झोप उडाली होती.

"मला तुमचे दिवेबिवे कळत नाहीत," ते म्हणाले. "ती जाईल तशीच मला परत मिळाली पाहिजे. बाकी काय घालायचं ते घाल."

"दाजी, तुम्ही खुशाल पाव भाजा," काटेवाला हसून म्हणाला. "तिची जबाबदारी माझ्यावर."

२

सुटे भाग पुरवणाऱ्याला त्याने फोन लावला. पलीकडचा माणूस रोजचा, प्रश्न रोजचेच. विमानाची वीज किती व्होल्टची? पॅनल उभा आहे की मागे झुकलेला? झुकलेला असेल तर जायरोही तेवढाच झुकता हवा, नाहीतर रेघ कायम वरखाली दिसते. दिव्याचा रंग पांढरा, निळसर, की लाल?

"निळसर पांढरा. आणि आतला."

"आतला?" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "आतल्या दिव्याचा तुमच्या मापात एकच आहे. एका गिऱ्हाइकाने परत पाठवलाय, पण नवाच आहे हो, वापरलेला नाही."

"का परत केला?"

"कारण नाही सांगितलं. नको म्हणाला."

"काहींना नवीन काही सोसतच नाही," काटेवाला म्हणाला. "पाठवून द्या."

जायरो यायच्या आतच त्याने ताईच्या विमानातला छतातला दिवा वायरसकट काढून टाकला. आता त्याचं काय काम? तिथे दोन स्क्रूंची भोकं राहिली, ती नंतर बुजवू म्हणून त्याने तशीच सोडली.

त्याची खोली हँगरच्या कोपऱ्यात. खिडकी नाही, दार दुहेरी, धूळ आत येऊ नये म्हणून उंबऱ्याशी चिकट चटई. मध्ये दगडी टेबल. ते टेबल त्याने स्वतः पाणसळ लावून, एकेका पायाखाली पातळ पत्रे सरकवून समपातळीत आणलं होतं. त्यावर कोणी चहाचा कप ठेवला तरी तो खेकसायचा.

पार्सल आलं त्या दुपारी त्याने जायरो टेबलावर घट्ट बसवला आणि हवा ओढणारा पंप सुरू केला. भोवरा हवेवर फिरतो, विजेचा त्याच्याशी काही संबंध नाही; वीज फक्त दिव्याला. हे लक्षात ठेवा. पंप गुरगुरला, आत भोवऱ्याने बारीक सूर धरला, सूर चढत चढत एका जागी थांबला. रेघ आधी तिरकी लटकत होती, बंद जायरोची लटकतेच, ती सावकाश उठली आणि टेबलाला समांतर येऊन स्थिर झाली. अगदी देखणं काम.

मग त्याने खोलीतला दिवा घालवला आणि जायरोतला लावला.

निळसर उजेड आला. मऊ, सगळीकडे सारखा, कुठे डाग नाही. काटेवाला मनात म्हणाला, वा! आणि त्याच्या डोळ्यांदेखत रेघ हलली. झटका नाही, थरथर नाही. झोपेत माणूस कूस बदलतो तशी ती कलली आणि तिथेच राहिली. यंत्र म्हणत होतं, हे टेबल डाव्या अंगावर झुकलेलं आहे.

त्याने दिवा बंद केला. हातातल्या टॉर्चने पाहिलं. रेघ सरळ. दिवा लावला. रेघ कलली, तितकीच, तिथेच.

टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये.

"अरे वा रे वा," तो मोठ्याने म्हणाला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

३

आता कोणी दुसरा असता तर त्याने यंत्र डब्यात घालून परत धाडलं असतं. एकाने धाडलंच होतं. पण काटेवाल्याला यंत्राने दिलेलं आव्हान म्हणजे कोणीतरी भर चौकात कॉलर धरल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बाह्या सरसावून बसला.

दिव्याच्या उष्णतेने आतलं काही फुगत असेल? दिवा इतका थंड की काचेला हात लावला तरी समजू नये. तारेमुळे चुंबक तयार होत असेल? पण भोवऱ्यात लोखंडच नाही. पॅनलच्या झुकावाचं माप चुकलं असेल? मग रेघ वरखाली व्हायला हवी, अशी एका अंगाला कलायला नको. एकेक कारण तो समोर घेई, उलटसुलट करी आणि बाजूला ठेवी. तोवर दिवा चालूच होता आणि तो बघतच होता. बघायलाच हवं होतं ना, काम होतं ते.

दुपारकडे त्याला आवाज वेगळा वाटायला लागला. भोवऱ्याचा सूर तोच, पण तो जायरोतून येण्याऐवजी खालून, टेबलाच्या डाव्या पायापाशी कुठूनतरी येत होता. तो वाकून खाली बघून आला. खाली काही नव्हतं, त्याचीच सावली. वर आला तर त्याने काढून ठेवलेला एक स्क्रू टेबलावरून डावीकडे घरंगळत चालला होता. सावकाश गेला, कडेवरून पडला, खाली टणकन वाजला. काटेवाल्याने पाणसळीकडे पाहिलं. बुडबुडा मध्येच होता.

धक्का लागला असेल माझाच, तो म्हणाला. दगडी टेबलाला कसला धक्का लागणार हे त्याला माहीत होतं, पण म्हणाला.

शेवटी त्याला सापडलं. दिव्याची अर्थिंगची तार एका टोकाला किंचित ढिली होती. हात्तिच्या! त्याने ती आवळली, मान चोळली, डोळे मिटून क्षणभर बसला आणि मग पाहिलं. दिवा चालू आणि रेघ सरळ. बंद करून पाहिलं नाही. कशाला? दिवा चालू असताना सरळ राहणं हाच तर प्रश्न होता. जिंकल्याच्या आनंदात त्याने खुर्ची मागे ढकलली आणि शीळ घातली.

फक्त टेबल जरा वाकडं दिसत होतं. डावीकडचा पाय खचलेला दिसत होता. इतक्या वर्षांत दगडाच्या वजनाने खचायचाच, त्यात नवल काय. त्याने पुठ्ठ्याची घडी करून डाव्या पायाखाली सरकवली, मग आणखी एक सरकवली, तेव्हा कुठे त्याच्या मनाजोगतं झालं. पाणसळीचा बुडबुडा आता एका टोकाला जाऊन बसला होता. काटेवाल्याने ती उचलली, हलवून पाहिली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"एवढी वर्षं टिकली हेच खूप," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने जायरो ताईच्या विमानात बसवला. स्क्रू चपखल बसले. हँगरमधून बाहेर पडताना आपला डावा बूट टाचेकडून जास्त झिजला असावा असं त्याला वाटलं, कारण चालताना एक पाय सारखा खड्ड्यात पडल्यासारखा होत होता.

४

त्या रात्री जेवायला ताईकडेच. घर बेकरीच्या वर, भिंती कायम कोमट. ताई पानं घेत होती, तोवर हा बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत फिरला. ताई-दाजींच्या लग्नाचा फोटो, दाजींच्या वडिलांचा, ताईला उडायचा परवाना मिळाला त्या दिवशीचा. सगळेच वाकडे. या घरात कोणाला काही दिसतच नाही का?

दाजी हात पुसत बाहेर आले आणि दारातच थबकले.

"अरे, हे काय केलंस? सगळे तिरके करून ठेवलेस!"

"सरळ केले, दाजी."

दाजी हसले. "तुझी चेष्टा कधी संपायची रे," असं म्हणत त्यांनी एकेक फोटो पुन्हा होता तसा केला. काटेवाला बघत राहिला. या माणसाला भट्टीपुढे उभं राहून राहून चष्मा लागला असावा, असं त्याने ठरवून टाकलं.

जेवण झालं, चहा झाला. कपातला चहा कपाच्या कडेशी नीट दिसेना, एका बाजूला चढलेला. त्याने कप जरा उजवीकडे कलवून सरळ केला, आणि चहा त्याच्या मांडीवर सांडला.

"नीट धर की!" ताई ओरडली. "भाजलं का?"

"नाही गं. कानात दडा बसलाय दोन दिवस, तोल जातो जरा. सर्दी होणार बहुतेक."

"मग उद्या नको येऊस. मी एकटी करते चाचणी."

"असं कसं? ज्याने यंत्र बसवलं त्याने पहिल्या उड्डाणाला शेजारी बसायचं, ही आपल्या हँगरची रीत आहे. मी माझं काम तुझ्या एकटीच्या गळ्यात घालून खाली चहा पीत बसू?"

दाजी मांडीवर फडकं टाकत होते. त्यांचा हात थांबला. "तू बसणार आहेस ना तिच्याबरोबर? मग मला घोर नाही," ते म्हणाले, आणि खरोखरच त्या रात्री ते गाढ झोपले, असं ताईने दुसऱ्या दिवशी कौतुकाने सांगितलं.

५

दुसऱ्या दिवशी डोंगरांच्या माथ्यावर ऊन असतानाच त्यांनी उड्डाण केलं. मुद्दामच, उजेडात वर जायचं, अंधार पडताना दिवा लावून बघायचा, उतरायचं. हवा स्वच्छ होती, इंजिन एका सुरात चाललं होतं. ताई मजेत होती. उडताना ती नेहमीच मजेत असायची.

काटेवाल्याला मात्र विमान सारखं डावीकडे झुकल्यासारखं वाटत होतं. "ताई, डावा पंख उचल जरा."

"सरळच आहोत रे. हात तरी लावलाय का मी?"

पोटाचं ऐकायचं नाही, हे तोच तर सांगायचा.

ऊन उतरलं. खाली गावात दिवे लागायला लागले. पॅनलवरची तोंडं एकेक करून काळोखात बुडाली आणि ताईने दिव्याचं बटण फिरवलं. जायरो आतून उजळला. बाकी सगळं अंधारात आणि मध्ये ते एकटं निळसर तोंड.

"अय्या, छान आहे," ताई म्हणाली. मग म्हणाली, "पण हे कललंय की रे."

"कुठे कललंय?"

"ही रेघ. डावं अंग खाली दाखवतोय."

त्याने पाहिलं. रेघ सरळ होती. सकाळपासून त्याने पाहिलेली पहिली सरळ गोष्ट. "ताई, साफ सरळ आहे ती!"

"डोळे फुटले का तुझे? त्याच्याच उजेडात वळणाचा काटा दिसतोय बघ, दिशेचाही. सगळे म्हणताहेत सरळ. बाहेर बघ."

तो बाहेर बघायला वळला. गावाच्या दिव्यांची रांग, तिच्यामागची डोंगराची काळी कड, सगळंच्या सगळं डावीकडे उतरत गेलं होतं. आणि मग काटेवाल्याला एकदम सगळं कळलं. टेबलाखालचा पुठ्ठा कळला, पाणसळ कळली, लग्नाचा फोटो, चहा कळला. तारेचा काही संबंधच नव्हता. यंत्र दुरुस्त झालंच नव्हतं.

"ताई, दिवा बंद कर. तिकडे बघू नकोस."

"थांब, बघू तर दे काय करतोय तो."

"बघू नकोस म्हणतो ना!"

"अरे, ओरडतोस काय?" ती म्हणाली, पण तिची नजर काचेवरून हलली नाही. उजेड तिच्या गालावर, हनुवटीवर पडला होता. काटेवाला तिच्या चेहऱ्याकडे बघत होता म्हणून त्याला ते दिसलं. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. तिचं डोकं उजवीकडे, जेमतेम कळेल एवढं झुकलं.

"हात्तिच्या," ताई शांतपणे म्हणाली. "सरळ तर आहे. पॅनल वाकडा बसवलाय कोणीतरी."

त्याने झडप घालून दिवा बंद केला. काळोख झाला. सवयीने त्याचा हात छतातल्या दिव्याकडे गेला आणि बोटांना दोन भोकं लागली. तो दिवा त्यानेच काढला होता, त्याचाच तो शहाणपणा. खिशातून टॉर्च काढून त्याने पॅनलवर धरली. रेघ आता पॅनलला समांतर होती, आणि पॅनलही वाकडा, रेघही वाकडी.

"अरे," ताईचा आवाज पहिल्यांदाच कापला. "जमीन अशी का दिसतेय?"

समोरच्या काचेतून अख्खी दरी, दिव्यांसकट, रस्त्यांसकट एका अंगावर लवंडलेली होती. त्या उतरणीवरून गाड्यांचे दिवे आरामात चालले होते. काहीही घरंगळत नव्हतं. आणि उतरणीच्या पार खालच्या टोकाला, जिथे काही असायला नको, तिथे आणखी एक निळसर ठिपका मंद जळत होता. काटेवाल्याने त्याच्याकडे पाहिलं न पाहिलं आणि मान फिरवली.

"ताई, नीट ऐक. तुझं पोट सांगेल की आपण डावीकडे पडतोय. पडत नाही आहोत. धावपट्टीच्या दिव्यांकडे बघ. ते वाकडे दिसतील, तर विमान तेवढंच वाकडं ठेव. त्यांच्याशी जुळव, बस्स."

"आजवर तू बरोबर उलटं शिकवलंस!"

"आजवरचं राहू दे. मी चुकलो. माझ्यावर रागाव, मार, पण खाली उतरल्यावर. आता बाहेर बघ."

ताई रागावली नाही. तिने दात आवळले, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि विमान धावपट्टीकडे वळवलं. धावपट्टी भिंतीवर टांगल्यासारखी तिरपी समोर आली. काटेवाला टॉर्च धरून वेगाचा आकडा मोठ्याने वाचत राहिला आणि ताई पुटपुटत राहिली, "पडतोय, पडतोय, नाही पडत, नाही पडत." चाकं टेकली. दोन्ही एकदम, अलगद. इतकी सुरेख ती उजेडातसुद्धा क्वचितच उतरायची.

६

हँगरपुढे येऊन इंजिन बंद झालं. मग ताई हसायला लागली. तिचं बघून यालाही हसू आलं.

"उतरवलं की नाही?" ती म्हणाली. "सांग, उतरवलं की नाही!"

"तूच उतरवू शकतेस, बाई. आता तो डबा उद्या सकाळी उचकटून परत धाडतो, आणि आपण दोघं कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. दोन दिवसांत जाईल हे."

"जाईल रे, त्यात काय."

दोघं पंख धरधरून खाली उतरली. पायाखालची फरशी उतरती होती, पण एकदा अंदाज आल्यावर उभं राहणं जमलं. ताईने दोन्ही पाय घट्ट रोवले, केस मागे केले आणि ताठ उभी राहिली. काटेवाला तिच्या शेजारी तसाच. दोघांनाही आता अगदी ठीक वाटत होतं.

दाजी हँगरच्या दिव्याखालून धावत आले. चाकं टेकताना त्यांनी या खेपेला रस्त्याकडे तोंड केलं नव्हतं, सगळं बघितलं होतं. डोळे भरून आले होते. "आलीस बाई," म्हणत ते जवळ आले आणि चार पावलांवर उभे राहिले. आधी बायकोकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे, मग पुन्हा बायकोकडे. त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"पाय मुरगळला का तुझा?"

"छे! काही नाही. ठणठणीत आहे."

दाजी पुढे आले. त्यांनी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि पडायला आलेल्या माणसाला सावरावं तसं, प्रेमाने, सावकाश तिला उभं केलं.

"अहो, पडले!" ताई किंचाळली. "सोडा, पडले, पडले ना मी!" तिने त्यांचा सदरा मुठीत धरला, पाय झाडले, काटेवाल्याकडे हात फेकला. फरशीवर सरळ उभी असलेली ती बाई कड्यावरून लोंबकळल्यासारखी ओरडत होती.

दाजींनी घाबरून हात काढले. ताई झटक्यात उजवीकडे कलली, तिथे थांबली आणि तिचा श्वास परत आला.

"असं नका हो करू," ती म्हणाली. "आता बघा, कशी सरळ उभी आहे."

काटेवाल्याला काहीतरी सांगायचं होतं. जबाबदारी माझ्यावर, असं तो बोलला होता. दाजी मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, ओळखीचं काही सापडतंय का ते शोधत. मग, तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून, त्यांनी आपलीही मान तिच्याच बाजूला हळूच कलवली.